एका रकान्याची बखर

मुलीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिची फाईल सांभाळण्याचे आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिचे नाव पुकारले जाईतो बाकावर बसून राहण्याचे काम माझ्याकडे आले होते. माझ्यासारखेच आणखी पाचसहा वडीलधारे, कुणाच्या हाती पिशवी तर कुणाच्या हाती थर्मास, असे मुकाट्याने तेथे बसलेले होते. वेळ जाईना म्हणून मी फाईलमधला तपासण्यांचा कागद चाळू लागलो. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, कावीळ, एचआयव्ही अशा ओळखीच्या नावांच्या रांगेत ‘व्हीडीआरएल’ ही चार अक्षरे होती. तीच अक्षरे माझ्या पत्नीच्या कागदावरही होती, हे मला तेव्हा आठवले. महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांत गर्भारपणाच्या कार्डावर ती लिहिली जातात, त्यांच्यापुढे एक शब्द उमटतो, आणि त्यांचा अर्थ कुणी कुणाला विचारत नाही.

मी विचारला. प्रयोगशाळेतील बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मला खिडकीशी बोलावून घेतले आणि वर्तुळे आखलेले एक पांढरे गुळगुळीत कार्ड पुढे सरकवले. प्रत्येक वर्तुळात रक्तातून वेगळ्या काढलेल्या पिवळसर पाण्याचा एकेक थेंब होता. त्यावर त्यांनी बाटलीतल्या काळपट द्रवाचा एकेक थेंब सोडला, काडीने तो वर्तुळभर पसरला आणि कार्ड यंत्राच्या तबकडीवर ठेवून ते गोल गोल हलू दिले. “आठ मिनिटं थांबा काका,” त्या म्हणाल्या, “ही कार्डावरची तपासणी निराळी, पण कागदावर नाव अजून जुनंच लिहितात.” आठ मिनिटांनी एका वर्तुळातला द्रव, दूध नासावे तसा, काळ्या बारीक कणांत फुटलेला दिसला. मी चरकलो. “तो नमुन्याचा आहे, पडताळ्यासाठी ठेवलेला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मुलीचा हा शेजारचा.” शेजारचे वर्तुळ राखेच्या पाण्यासारखे एकसारखे, निवांत होते.

त्या चार अक्षरांचा पाठपुरावा करता करता मी जेथे पोहोचलो, ते स्थळ आपल्या इलाख्यापासून फार दूर आहे. ‘व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी’ हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्याच्या एका प्रयोगशाळेचे नाव. न्यूयॉर्कच्या बंदराशी असलेल्या स्टेटन आयलंड ह्या बेटावरील खलाशांच्या सरकारी रुग्णालयात ही प्रयोगशाळा होती. जॉन महोनी हे तिचे प्रमुख. १९४३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंश झालेल्या चार रुग्णांना, त्या काळी सोन्याहून दुर्मिळ असलेले पेनिसिलिन टोचले, आणि चारशे-साडेचारशे वर्षे पारा, सोमल आणि देवाचे नाव ह्यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्या मनुष्यजातीला ह्या रोगावरचे खरे औषध सापडले. पुढे १९४६ साली त्याच प्रयोगशाळेतून ह्याच रोगाची ती रक्ततपासणी बाहेर पडली, जी आज आपल्या गर्भवतींच्या कार्डावर चार अक्षरांच्या रूपाने येऊन बसली आहे. तपासणीही त्यांचीच आणि औषधाचा पहिला प्रयोगही त्यांचाच. म्हणूनच त्या देशाच्या दप्तरातील एक रकाना वाचताना माझ्या मनाची जी अवस्था झाली, तिचे वर्णन करण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला आहे.

अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र दरवर्षी लैंगिक संसर्गाच्या रोगांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्या अहवालातील एका तक्त्यात १९४१ पासूनची साले उभी मांडलेली असतात आणि उपदंशाच्या निरनिराळ्या अवस्थांचे रकाने त्यांच्यापुढे आडवे पसरलेले असतात. त्यांपैकी एका रकान्याच्या माथ्यावर ‘जन्मजात’ असा शब्द आहे. आईच्या रक्तातला रोगजंतू वार ओलांडून गर्भात उतरतो आणि मूल जन्माला येते ते रोग घेऊनच, किंवा जन्माला येते तेच मृत; अशा मुलांचा हा रकाना. वाण्याच्या खतावणीतील आकड्यांसारखा तो वरून खाली वाचत गेले तर दहा मिनिटांत वाचून होतो. पण एकेका आकड्यापाशी थांबावयाचे ठरवले, तर एका राष्ट्राची ऐंशी वर्षांची बखरच त्यात लिहिलेली आहे असे दिसून येते.

पहिला आकडा १९४१ चा आहे : १७,६००. दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ६५१. त्या काळच्या मोजणीत मोठ्या वयात रोग ओळखू आलेल्या मुलांचाही समावेश होत असे, त्यामुळे आजच्या आकड्याशी त्याची सरळ तुलना करता येत नाही; तरीही तो आकडा दडपून टाकणारा आहे. एका दृष्टीने मात्र तो शुभ होता, कारण तो मोजला गेला होता. त्यापूर्वीच्या पिढ्यांत तर ह्या रोगाचे नाव उच्चारण्याचीच चोरी होती.

१९३४ च्या नोव्हेंबरातील गोष्ट. टॉमस पॅरन हे त्या वेळी न्यूयॉर्क राज्याचे आरोग्यायुक्त होते. त्यांचे आकाशवाणीवर व्याख्यान व्हावयाचे होते. परंतु त्यात ‘सिफिलिस’, म्हणजे उपदंश, हा शब्द उच्चारता येणार नाही असे कोलंबिया कंपनीने त्यांना ऐनवेळी कळवले, आणि त्यांनी व्याख्यानच रद्द केले. त्याच १९३४ साली इकडे मुंबईत, गुप्तरोगांविषयी आणि संततिनियमनाविषयी उघडपणे लिहिणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. तरीही त्यांना दंड झालाच. दोन खंडांवर, परस्परांचे नावही ठाऊक नसलेली दोन माणसे एकाच वर्षी एकाच मौनाशी झगडत होती. फरक इतकाच, की पॅरन १९३६ साली देशाचे सर्जन जनरल झाले आणि त्यांच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या आल्या. ह्या रोगाचे आपण निर्मूलन का करीत नाही, असा रोखठोक प्रश्न त्यांनी मासिकांतून राष्ट्राला विचारला. १९३७ साली ह्या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले. आणि १९३८ साली संघसरकारने गुप्तरोगनियंत्रणाचा कायदा करून राज्यांना पैसा देऊ केला. गर्भवतीच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे, असा कायदा न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड ह्या राज्यांनी त्याच वर्षी केला.

त्यानंतर पेनिसिलिन आले. रकान्यातील आकडे, डोंगराच्या उतारावरून धोंडा सुटावा तसे, खाली येऊ लागले, आणि १९८० च्या आसपास काही शेकड्यांवर येऊन ठेपले. वैद्यकाच्या पदवीपरीक्षेत तेवढे विचारले जाई. प्रत्यक्ष रुग्ण न पाहताच कित्येक डॉक्टर निवृत्त होत.

ह्या रोगाची आकृती येथे नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे, नाही तर पुढचे आकडे नुसते आकडेच राहतील. संसर्ग झाल्यावर आईला जो व्रण होतो, तो दुखत नाही. अनेकदा तो दिसण्याजोग्या जागी नसतोच. तो आपोआप भरून येतो, पुढे कधी अंगावर पुरळ उठून मावळते, आणि नंतर वर्षानुवर्षे रोग रक्तात निद्रिस्त राहतो. बाईला आपण आजारी आहोत असे वाटण्याचे काही कारणच नसते. गर्भावर मात्र त्याचा हल्ला चालू असतो. उपचार न झालेल्या मातांची मुले शंभरात चाळीसपर्यंत मृत जन्मतात किंवा जन्मल्यावर लवकरच दगावतात. जी जगतात, त्यांपैकी पुष्कळशी पाळण्यात अगदी निरोगी दिसतात, आणि फसवणूक नेमकी येथे होते. काही आठवड्यांनी नाक वाहू लागते, तळव्यांवरची कातडी सोलून निघते, यकृत सुजते, हाडांना इतक्या वेदना होतात की बाळ हातच हलवीत नाही. काहींच्या बाबतीत तर वर्षे लोटतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या जोनाथन हचिन्सनने अशा मोठ्या झालेल्या मुलांच्या तीन खुणा सांगितल्या : कडेला खाच पडलेले पुढचे दात, बुबुळावर धरलेला धुरकट पडदा, आणि बहिरेपण. आठदहा वर्षांचे एखादे मूल वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहते, गुरुजींना ते मंद वाटते. त्याला फळा दिसत नाही आणि शब्द ऐकू येत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि ह्या साऱ्यावर उपाय काय? बेंझाथिन पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट, कुल्ल्यात टोचलेले. दाट, दुधट रंगाचे, शीतकपाटात ठेवलेले हे औषध टोचण्यापूर्वी तळहातात धरून थोडे कोमट करून घेतात, आणि तरीही ते दुखतेच. पण ते स्नायूत मुरून हळूहळू रक्तात उतरत राहते आणि आईबरोबर गर्भालाही बरे करते. रोग नवा असेल तर एक मात्रा पुरते. जुना असेल किंवा केव्हाचा ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. ऐंशी वर्षांत अनेक जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाले, पण हा जंतू आजतागायत पेनिसिलिनपुढे शरणच जातो. तेव्हा हा रोग पुन्हा वाढला, तर त्याचा दोष जंतूच्या माथी मारण्याची सोय राहिलेली नाही.

तरी तो वाढला. पहिली उसळी १९८० च्या दशकाच्या अखेरीची. क्रॅक नावाच्या कोकेनने अमेरिकेच्या मोठ्या शहरांतील दरिद्री वस्त्या पोखरून काढल्या, नशेसाठी देहविक्रय सुरू झाला, गर्भवती स्त्रिया पोलिसांच्या आणि समाजाच्या भयाने दवाखान्याची पायरी चढेनात. १९९१ साली रकान्यात चार हजारांच्या वरचा आकडा उमटला आणि दर लाखामागे शंभराच्या पुढे गेला. त्या चढाचा काही भाग व्याख्येतल्या बदलाचा होता हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे : उपचार न झालेल्या मातेचे मूल, वरकरणी निरोगी असले वा मृत जन्मले तरी, आता ह्याच रकान्यात लिहावे असे ठरले होते. मला स्वतःला हा बदल न्याय्य वाटतो. जे मूल बचावले ते सरकारी खात्याच्या दक्षतेने बचावलेले नाही, हे त्या खात्याने दप्तरी मान्य केले.

त्यानंतर दहा वर्षे नेटाने काम झाले. १९९९ साली तर उपदंशाच्या समूळ निर्मूलनाची राष्ट्रीय योजनाच जाहीर झाली, आणि ती पोकळ नव्हती. कारण त्या सुमारास देशातील निम्मे नवे रुग्ण अवघ्या अठ्ठावीस परगण्यांत एकवटले होते. तीन हजारांवर परगणे असलेल्या देशात अठ्ठावीस! शत्रू हाताच्या तळव्यावर मावेल एवढाच उरला होता. २०१२ साली जन्मजात उपदंशाच्या रकान्यात ३३५ हा आकडा आहे, दर लाखामागे आठाच्या जरा वर. आणखी थोडा रेटा, आणि तो रकाना रिकामा झाला असता.

तसे झाले नाही. २०१८ साली १,३०६. २०१९ साली १,८७०. २०२० साली, करोनाने दवाखान्यांची कवाडे बंद केलेली असताना, २,१०० च्या वर. २०२२ साली ३,७०० च्या वर. त्यांत २३१ मृतजन्म आणि ५१ बालमृत्यू. २०२३ साली ३,८८२, आणि दगावलेली मुले २७९. दर लाखामागे प्रमाण पुन्हा शंभराच्या वर, म्हणजे क्रॅकच्या साथीतल्या त्या काळोख्या सालांच्या पातळीवर. ह्यातही एक गोष्ट मला विशेष खटकते. २०२३ साली प्रौढांमधील नवा उपदंश सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. मुलांचा रकाना मात्र चढतच राहिला. म्हणजे ज्या वर्षी मोठ्यांना दिलासा मिळाला, त्या वर्षीही तो गर्भापर्यंत पोहोचला नाही.

असे का व्हावे? रोगनियंत्रण केंद्राने २०२२ च्या मातांची एकेकीची कागदपत्रे तपासून जी फोड केली, ती मी येथे देतो, कारण तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. शंभरातील सुमारे ३७ मातांची तपासणी झालीच नाही किंवा फार उशिरा झाली. सुमारे ११ जणींची तपासणी झाली, पण उपचार झाल्याची नोंद नाही. आणि सुमारे ४० जणींना उपचार मिळाला खरा, पण तो पुरता नव्हता. ह्या तिन्हींची बेरीज ८८ च्या घरात जाते. म्हणजे दहांतील जवळजवळ नऊ मुलांच्या बाबतीत कोठे ना कोठे हयगय झाली होती.

ही तिसरी संख्या, चाळीसची, माझ्या मनातून जात नाही. तपासणीच न झालेल्या स्त्रीविषयी निदान असे म्हणता येते की ती कोणाला भेटलीच नव्हती. परंतु ह्या चाळीसजणी भेटल्या होत्या. त्यांच्या दंडातून रक्त काढले गेले होते, निकाल हाती आला होता, पहिली सुईही टोचली गेली होती. मग काय झाले? तीन आठवड्यांची तीन इंजेक्शने म्हणजे तीन खेपा. दोन मात्रांमधले अंतर नऊ दिवसांच्या वर गेले, तर गर्भवतीच्या बाबतीत आधीची मात्रा हिशेबात धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. जिला वाहन नाही, जिच्या घरी सांभाळावयाची आणखी दोन मुले आहेत, जिची तासावर मोजलेली मजुरी एका खेपेत बुडते, जिच्या गावातला प्रसूतिविभाग बंद होऊन जवळचे रुग्णालय पन्नास-साठ मैलांवर गेले आहे, तिच्या आयुष्यात नऊ दिवस आणि दहा दिवस ह्यांमधली रेषा किती सहज ओलांडली जात असेल! आणि त्यावर आणखी एक अट : उपचाराचा आरंभ प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी झालेला असला पाहिजे.

अशा वेळी जे माणूस दारात जाऊन उभे राहत असे, ते माणूसच मध्यंतरी नाहीसे झाले. अमेरिकेच्या स्थानिक आरोग्यखात्यांत कर्मचाऱ्यांचा एक वर्ग असतो, ज्याचे काम म्हणजे रोगी आणि त्याच्या संगतीत आलेली माणसे शोधून काढणे, त्यांना विश्वासात घेणे, गाडीत घालून दवाखान्यात नेणे आणि पुढच्या खेपेची आठवण करून देणे. ह्या कामाला आपल्याकडील आशाताईंची उपमा पुरती लागू होत नाही, पण चिवटपणा तोच. रोग कमी झाला की अंदाजपत्रकात सर्वांत आधी ह्यांच्याच वेतनावर कात्री चालते, हा त्या देशाचा जुना रिवाज आहे. पेनिसिलिनच्या पहिल्या यशानंतर १९५० च्या दशकात तेच झाले, आणि नव्या शतकात पुन्हा तेच. करोनाच्या काळात ह्या वर्गासाठी एक अब्ज डॉलरांहून मोठी तरतूद मंजूर झाली होती. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात, सरकारच्या कर्जमर्यादेवरून ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत तिच्यातील सुमारे चाळीस कोटी डॉलर परत घेण्यात आले. माणसे नेमून झाली होती, काही ठिकाणी त्यांची शिकवणीही पुरी झाली होती. आणि त्याच वर्षी रकान्यात ३,८८२ हा आकडा उमटला. पैसा काढून घेतला म्हणूनच आकडा वाढला असे मी म्हणणार नाही; चढ दहा वर्षांपासून चालू होता. पण पुरात नाव वाहून जाऊ लागली असताना वल्ही मोजून परत मागणे ह्याला राज्यकारभार म्हणत नाहीत.

रकान्यातली मुले सर्व वस्त्यांत सारखी विखुरलेली नाहीत. गोऱ्या मुलांच्या मानाने कृष्णवर्णीयांत आणि स्पॅनिशभाषकांत हे प्रमाण फार मोठे आहे. आणि त्या भूमीचे जे मूळ रहिवासी, त्यांच्यात २०२२ साली दर १५५ जन्मांमागे एक मूल ह्या रकान्यात गेले. साउथ डकोटा, न्यू मेक्सिको, ॲरिझोना ह्या राज्यांतील आदिवासी मुलखात, जेथे औषधोपचाराची जबाबदारी संघसरकारने करारांनी शिरावर घेतलेली आहे, तेथे ही स्थिती आहे. २०२४ च्या आरंभी साउथ डकोटाकडच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी नेत्यांच्या आरोग्यमंडळाने सरकारकडे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली.

ह्या वस्त्यांतील स्त्रिया दवाखान्यापासून दूर का राहतात, ह्याचे उत्तर केवळ अंतरात शोधून भागत नाही. ते स्मरणातही शोधावे लागते. अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात, टस्कीगी गावी, १९३२ साली सरकारी आरोग्यखात्याने उपदंश असलेले ३९९ आणि नसलेले २०१ असे कृष्णवर्णीय शेतमजूर एका पाहणीत दाखल करून घेतले. उपचार न झाल्यास रोग कसा वाढतो, ते मरेपर्यंत पाहत राहणे, हा त्या पाहणीचा हेतू. त्यांना ‘तुमचे रक्त बिघडले आहे’ एवढेच सांगण्यात आले. युनिस रिव्हर्स नावाची, त्यांच्यातलीच एक परिचारिका त्यांना मोटारीतून तपासणीला घेऊन जाई. मरणोत्तर शवविच्छेदनाला संमती दिली तर दफनाचा खर्च मिळे. पेनिसिलिन निघाले, देशभर वाटले गेले. ह्या माणसांना ते मिळू नये ह्याची तजवीज करण्यात आली. १९५८ साली त्यांना पंचवीस वर्षांच्या सहकार्याबद्दल प्रशस्तिपत्रक आणि वर्षाला एक ह्या हिशेबाने पंचवीस डॉलर देण्यात आले! पीटर बक्स्टन ह्या खात्यातल्याच एका तरुणाने वर्षानुवर्षे तक्रारी करूनही काही होईना, तेव्हा त्याने ते प्रकरण वृत्तपत्रांकडे दिले; जुलै १९७२ मध्ये जीन हेलर ह्या वार्ताहर स्त्रीने ते उघडकीस आणले, आणि त्या वर्षअखेरीच्या आत ती पाहणी संपली. १९७५ साली नुकसानभरपाईदाखल जी आजन्म औषधोपचाराची योजना होती, तिच्यात त्या माणसांच्या पत्नी, विधवा आणि मुले ह्यांचाही समावेश करावा लागला. मुलांचा! म्हणजे एकाच सरकारच्या दोन दप्तरांपैकी एकात जन्मजात उपदंशाचा आकडा खाली आल्याचा आनंद नोंदला जात होता, आणि दुसऱ्याच्या आश्रयाने तो रोग घराघरांत चालू ठेवला जात होता.

आणि माझ्या त्या चार अक्षरांवरही एक डाग आहे. १९४६ ते १९४८ ह्या काळात ग्वाटेमाला देशातील कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण ह्यांना हेतुपुरस्सर ह्या रोगांची लागण करून प्रयोग करण्यात आले, ते ह्याच प्रयोगशाळेच्या अमलाखाली. सूझन रेव्हर्बी ह्या इतिहाससंशोधक स्त्रीला जुन्या कागदांत त्याचा माग लागला, आणि २०१० साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली. ज्या वर्षी ती उपकारक तपासणी निघाली, त्याच वर्षी हे घडत होते. विज्ञानाच्या घरात देवघर आणि तळघर एकाच छपराखाली असू शकते, हे जाणून घेतल्यावाचून त्या स्त्रियांच्या संशयाला अडाणीपणा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

अन्यत्र हे साधले आहे, म्हणून त्याची खंत अधिक. २०१५ साली क्यूबाने आईकडून बाळाकडे जाणारा उपदंश संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले, त्यानंतर थायलंडने, आणि २०१९ साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेने. हे देश अमेरिकेच्या मानाने निर्धन. पण श्रीलंकेत प्रत्येक वाडीवस्तीची आरोग्यसुईण ठरलेली आहे. कोणत्या घरात कोणती बाई कितव्या महिन्याची आहे, हे तिच्या वहीत लिहिलेले असते.

२०२३ साली अमेरिकेत औषधाचाच तुटवडा पडला. गर्भवतीला चालणारे औषध एकच, आणि ते त्या देशात तयार करणारी कंपनीही एकच; मागणी वाढल्याबरोबर साठा आटला. गर्भवतींसाठी इंजेक्शने राखून ठेवा, इतरांना दुसऱ्या गोळ्या द्या, असे फर्मान आरोग्यखात्यांना काढावे लागले. अखेर फ्रान्समधून एक्स्टेन्सिलीन आणि पुढे पोर्तुगालमधून लेंटोसिलिन मागवण्यास परवानगी मिळाली. आमच्या भावमिश्राने सोळाव्या शतकात ज्या रोगाला, फिरंग्यांच्या म्हणजे पोर्तुगीजांच्या देशात फार आढळतो म्हणून, ‘फिरंग’ असे नाव दिले आणि पारा व चोपचिनी हा ज्यावरचा उतारा सांगितला, त्याच रोगावरच्या कुप्या आता पोर्तुगालहून अमेरिकेकडे निघाल्या. तेथील परिचारिकांना तयार भरलेल्या सुईची सवय. ह्या कुपीत मात्र कोरडी भुकटी असते. ती आधी पाण्यात कालवावी लागते, गुठळी राहू नये म्हणून हलवावी लागते, मग ओढून घ्यावी लागते.

एखादे मूल त्या रकान्यात दाखल कसे होते, हे पाहण्यासाठी मी तेथला नोंदणीचा छापील नमुना मुद्दाम शोधून वाचला. बाळाविषयीचे प्रश्न त्यात आहेतच : वजन किती, लक्षणे कोणती, हाडांचे क्ष-किरण चित्र काढले का, पाठीच्या कण्यातले पाणी तपासले का. पण त्यांच्या आधीचा सारा भाग आईचा आहे, आणि त्यात बहुतेक करून तारखा विचारलेल्या आहेत. गर्भारपणात ती प्रथम दवाखान्यात आली ती तारीख. पहिल्यांदा रक्त तपासले ती तारीख. पहिली मात्रा टोचली ती तारीख. शेवटी प्रसूतीची तारीख. कारकून पहिल्या मात्रेपासून प्रसूतीपर्यंतचे दिवस मोजतो, आणि ते तीसपेक्षा कमी भरले, तर पाळण्यात स्वस्थ झोपलेल्या मुलाचेही नाव त्या वर्षाच्या आकड्यात मिळवतो.